कोऱ्या पट्ट्यांचा समुद्र

आमच्या लालबागच्या चाळीत मला ‘इंजिनीअर’ म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा भाग फार थोडा आहे. कुणाच्या घरी मिक्सरमधून धूर निघाला की शेजारचा हमखास विचारतो, “काय, इंजिनीअर येऊन गेला वाटतं?” माझ्या चुकांवर चाळीचं करमणुकीचं अर्धं वर्ष निघतं. मीही त्या रंगवून सांगतो. आपली फजिती आपणच सांगितली की दुसऱ्याला तिखटमीठ लावायला जागा उरत नाही. ही एकच गोष्ट मी चाळीत कधी सांगितली नाही. तिचा अर्धा भाग चाळीला ठाऊक आहे, आणि त्या अर्ध्या भागाचा चाळीला अभिमान आहे. पंचाईत तीच आहे.

तेव्हा मी परळला एका लहान कंपनीत होतो. अजूनही आहे. जुन्या गिरणीच्या आवारात पाडायची राहून गेलेली एक बैठी इमारत, तिच्यात आमचा गाळा. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी जी मॉनिटरची पेटी असते, तिच्या पोटातले वीजपुरवठ्याचे बोर्ड आम्ही बनवतो. प्रत्येक बोर्डावर एक बारीक पितळी स्क्रू असतो. मीटर लावून तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवायचा आणि व्होल्टेज बरोबर पाचवर आणून सोडायचं. हे काम काका करायचे.

काका म्हणजे सगळ्या गाळ्याचेच काका. तरुणपणी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते, गिरणी बंद झाल्यावर इकडे आले. साठीला दोनेक वर्षं बाकी होती. एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलायचे, मनातलं काही निघालं की मालवणी. त्यांनी लावलेल्या बोर्डावर ते मार्करने एक टिंब द्यायचे. त्या टिंबाला गाळ्यात मान होता. मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, स्वतः इंजिनीअर, पण काकांचं टिंब दिसलं की पुढे बघायच्या नाहीत.

मग गिऱ्हाइकांनी संगणकावरचे रिपोर्ट मागायला सुरुवात केली आणि मॅडमनी मशीन घेतलं. मशीन म्हणजे एक लांबट लोखंडी पेटी, चॅसी. तिला पुस्तकांच्या फळीसारखे अठरा उभे खाने. डावीकडच्या पहिल्या खान्यात कंट्रोलर बसतो. हा कंट्रोलर म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच, फक्त एका पुस्तकाच्या जाडीत हातपाय आखडून बसलेला. त्याच्या शेजारच्या खान्यांत मोजमापाची कार्डं. आमच्याकडे कार्डं पाच. उरलेल्या बारा खान्यांवर बारा कोऱ्या चंदेरी पट्ट्या, स्क्रूने आवळलेल्या.

हे सगळं उभं करायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी कंट्रोलर खान्यात पूर्ण बसेना. मी गुडघा टेकवून जोर लावला. काका चहा पीत बघत होते. म्हणाले, “तोंडावर टोप्या आहेत बघ.” स्क्रूंवर प्रवासात घातलेल्या प्लास्टिकच्या टोप्या तशाच होत्या. त्या काढल्यावर कंट्रोलर बोटाने आत गेला. पुढचा आठवडाभर मी दिसलो की पॅकिंगच्या बायका डोक्यावरची टोपी काढल्याचा अभिनय करायच्या.

दुसऱ्या आठवड्यात विंडोजने ऐन तपासणीत स्वतःहून अपडेट घेतलं आणि कार्डं ओळखेनाशी झाली. तीन दिवस मी ड्रायव्हर उतरवले आणि चढवले. चौथ्या दिवशी सगळं जमलं तेव्हा आधी आपोआप होणारे अपडेट बंद केले, मग डिस्कची पूर्ण नक्कल काढून कपाटात ठेवली, आणि मशीनची एक वही सुरू केली. पंख्याची जाळी कधी साफ केली, बॅटरी कधी बदलली, कोणी काय हात लावला, सगळं त्यात लिहायचं. वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतःच्या हाताने ठळक लिहिलं : ‘मशीनमध्ये केलेला प्रत्येक बदल इथे नोंदवावा.’ नियम करणारा माणूस नियम मोडण्यात किती पुढे असतो ते आता येईलच.

महिनाभर मशीन आणि काका यांचं झकास जमलं. काका स्क्रू फिरवून टिंब द्यायचे, मी तो बोर्ड मशीनला लावायचो, पडद्यावर हिरवं यायचं. शंभरात एखादा लाल, म्हणजे नापास. काका खूश. म्हणायचे, “माझ्यासारखंच मोजतोय की रे हा.”

आता चाळीकडे या. आमच्या चाळीचा गणपती लहान, पण चलचित्राचा देखावा आम्ही सोडलेला नाही. त्या वर्षी देखावा होता कोळ्याच्या होडीचा. होडी पुठ्ठ्याची, कोळी लगद्याचा, वल्हं हलवायला गाडीच्या वायपरची मोटर. समुद्र काही जमेना. निळ्या कापडाची लाट म्हणजे वाळत घातलेली साडी दिसायची. चलचित्राचा प्रमुख अर्थात इंजिनीअर. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला गाळ्यातल्या त्या बारा पट्ट्या दिसत होत्या. सारख्या मापाच्या, चकचकीत, वजनाला हलक्या. रिकाम्या खान्यांवर बसून नाहीतरी करतायत काय?

मी त्या काढून घरी नेल्या. स्क्रू गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवले. वहीत काही लिहिलं नाही, कारण माझ्या मते हा बदल नव्हता, जागा रिकामीच होती ती रिकामीच राहिली. पट्ट्या एका दांडीवर ओळीने टांगल्या, दांडी मोटरला जोडली, खालून निळा दिवा. आणि काय सांगू, समुद्र उठला. वरळीहून माणसं बघायला आली. चाळीने पहिल्यांदा मला ‘इंजिनीअर’ सरळ अर्थाने म्हटलं.

दोन दिवसांनी मशीनच्या पडद्यावर एक चौकट यायला लागली : आतलं तापमान मर्यादेबाहेर. दर दहा मिनिटांनी ती यायची आणि तपासणी अडायची. मी सेटिंगमध्ये जाऊन त्या सूचनेची खूण काढून टाकली. चौकट येईनाशी झाली. तेही वहीत लिहिलं नाही.

त्या वर्षी भाद्रपद कोरडा गेला. आमच्या शेजारी गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिलाय, जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच्या काचांवरून ऊन परतून आमच्या खिडकीत येतं. एसी असून नसल्यासारखा होतो. आणि नेमकं जेवणानंतर मशीन काकांचे बोर्ड लाल दाखवायला लागलं. सकाळी सगळे हिरवे. दुपारी तीनच्या पुढे दहातले चार-पाच लाल. काका म्हणायचे पाच आहे, मशीन म्हणायचं जास्त आहे.

पहिल्या दिवशी थट्टा झाली. पॅकिंगवाल्या बायका म्हणाल्या, काका, भात कमी खा, डोळा लागतो तुमचा. काकाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच भात अर्धा केला. तिसऱ्या दिवशी डब्यात नुसत्या भाकऱ्या आणल्या. लाल बोर्डांचा एक ट्रे भरत चालला होता, आणि त्यातल्या प्रत्येकावर काकांचं टिंब होतं.

मॅडमनी मला विचारलं, मशीन चुकत नाही ना? मी छाती काढून सांगितलं की शक्य नाही, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आहे, मी स्वतः बसवलंय. हे वाक्य मी आजवर जितक्या वेळा आठवलंय तितक्या वेळा शाळेतली प्रतिज्ञाही म्हटली नसेल.

मधल्या एका संध्याकाळी काका आणि काकी आमच्या गणपतीला आले. मूर्तीला हात जोडून झाल्यावर काका देखाव्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मोटर कशी जोडलीय, दांडी कशावर फिरतेय, वाकून बघितलं. मग मागे सरकले, होडीकडे बघितलं, तिथेही हात जोडले आणि मला म्हणाले, “समुद्र बरो जमलो हा.” मी त्यांना जास्तीचा मोदक दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. हातात लाल ठरलेला बोर्ड. गाळ्यात कुणी ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाले, “माझाच कायतरी चुकता आसतला. तू बघ जरा, स्क्रू फिरवताना हात हलता काय?”

मी उभा राहून त्यांचा हात बघितला. तो हलत नव्हता. पण मी म्हणालो, “थोडं सावकाश करा काका.” ज्या माणसाने मला टोप्या दाखवल्या होत्या, त्याला मी शिकवत होतो. ते मान हलवून सावकाश करायला लागले.

विसर्जन झालं. दोन दिवसांनी, शनिवारी, देखावा मोडला गेला. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी बारा पट्ट्या होत्या तशा लावल्या. माझ्या डोक्यात फक्त एवढंच की उसनी वस्तू जागेवर गेली, कुणाला कळलं नाही, सुटलो.

त्याच सोमवारी दहा वाजता मॅडमनी काकांना आत बोलावलं. बोलणं फार मायेने झालं असणार, कारण बाहेर आले तेव्हा काकाच मॅडमची बाजू सांगत होते. डोळ्यांना आराम मिळेल, पॅकिंगला वाराही चांगला येतो. त्यांची जागा सोल्डरिंगवरच्या एका मुलीला दिली. काकांनी आपला मीटर तिच्यापुढे ठेवला, त्याच्या तारांची टोकं पुसून दिली, आणि चष्म्याचं घर तेवढं उचलून पॅकिंगच्या टेबलावर गेले.

त्या दुपारी एकही बोर्ड लाल आला नाही. मंगळवारीही नाही. मॅडम हळहळून म्हणाल्या, “म्हणजे काकांचंच होतं रे.” सगळ्या गाळ्याने मान हलवली. खोलीच्या त्या कोपऱ्यातून काकांनीही हलवली.

पट्ट्या लागल्या आणि लाल थांबलं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी लाल ट्रे घेतला आणि एकेक बोर्ड मशीनला लावला. हिरवा. हिरवा. हिरवा. काकांचं टिंब असलेला एकूण एक बोर्ड हिरवा. मग मशीनच्या माहितीपुस्तकात बघितलं, जे मी बसवताना वाचायला हवं होतं. साध्या शब्दांत असं लिहिलं होतं : रिकाम्या खान्यांवर पट्ट्या नसतील तर पंख्याची हवा त्या भोकांतून निघून जाते, कार्डांपर्यंत पोचत नाही, कार्डं तापतात आणि मोजमाप सरकतं. तापमानाचा इशारा देणारी चौकटही ह्यासाठीच असते, असं पुढच्या ओळीत होतं. म्हणजे मशीनने मला सांगितलं होतं. मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग त्याच मिनिटाला उठायचं. मलाही तसंच वाटलं. पण माणूस दुपारच्या चहानंतर सांगू म्हणतो, मग मॅडमचा मूड बघतो, मग पितृपक्ष आहे म्हणतो. मी ट्रे कपाटात खाली सरकवला. सूचनेची खूण परत लावली. वहीत लिहिलं : ‘पंख्याची जाळी साफ केली.’ आणि काकांवर माया करायला लागलो. त्यांच्यासाठी चहा आणायचा, खोकी उचलून द्यायची, घरी केलेल्या करंज्या द्यायच्या. काका काकीला सांगायचे, पोरगा फार गुणाचा आहे. दिवाळीत काकीने हे मला सांगितलं तेव्हा तोंडात त्यांचीच चकली होती.

ह्या काळात काका बदलत गेले. आधी डोळे दाखवून आले. डॉक्टरांनी सांगितलं डोळे छान आहेत, तरी हट्टाने नवा चष्मा केला. मग खोक्यावरचा पत्ता लिहून झाला की पॅकिंगवाल्या बाईला विचारायचे, सहा दिसतोय ना, आठ नाही ना? त्यांच्या चाळीतली माणसं इस्त्री, रेडिओ, बेल दुरुस्तीला आणायची, ते त्यांनी बंद केलं. म्हणाले, आता नको, हातात दोष आलाय.

माघात एके दिवशी ते माझ्याकडे कागद घेऊन आले. परळच्याच मोठ्या हॉस्पिटलात नसांच्या डॉक्टरची तारीख मिळाली होती. “डोळे बरे आहेत म्हणजे हातच. फॉर्म इंग्रजीत असतो, येशील काय माझ्याबरोबर?” मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

ओपीडीच्या बाहेर लाकडी बाकावर आम्ही बसलो. आमचा नंबर बराच मागे. काकांनी केसपेपर गुडघ्यावर ठेवला होता आणि उजवा हात त्यावर पालथा पसरून ते त्याच्याकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा हात ठेवून गेल्यासारखे. फॉर्ममध्ये एक रकाना होता, त्रास कधीपासून. ते म्हणाले, “लिही, गणपतीपासून.”

मी पेन टेकवलं आणि माझ्याने लिहवेना.

तिथेच सांगितलं सगळं. पट्ट्या, समुद्र, चौकट, लाल ट्रे, वही. मी गोष्टी सांगण्यात पटाईत म्हणवतो, पण ती गोष्ट मी शेवटाकडून सुरू केली, मधेच पहिली टोप्यांची हकीकत सांगितली, परत मागे गेलो. नंबर पुकारले जात होते आणि बाकावर सगळे एकेक जागा पुढे सरकत होते. आम्हीही सरकत होतो.

काका म्हणाले, “म्हंजे गणपतीत मी हात जोडून इलंय, ते ह्या पट्ट्यांकाच?”

“त्याच पट्ट्या,” मी म्हणालो.

“आणि ट्रे? तो फेकलास काय?”

“कपाटात आहे. सगळे बरोबर आहेत, काका. एकही चुकलेला नाही.”

त्यांचा नंबर आला. मी म्हणालो, आता कशाला, चला जाऊया. ते उठले, शर्ट नीट केला. “एवढो येळ बसलंय, तर दाखवून घेतंय,” म्हणाले आणि आत गेले. मला बाहेरच थांबायला सांगितलं.

बाहेर आले तेव्हा केसपेपरची घडी खिशात होती. “हात बरो आसा म्हणता,” एवढंच बोलले. गेटपर्यंत चालत आलो. तिथे थांबून म्हणाले, “आता मॅडमना सांग. मी बाजूला उभा राहीन.”

त्यांनी बाजूला उभं राहावं ही शिक्षा होती की आधार, मला अजून ठरवता आलेलं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. मला त्या जे बोलल्या ते बोलायलाच हवं होतं. मग त्या उठून काकांसमोर गेल्या आणि त्यांना आपली खुर्ची दिली. शेवटी लाल ट्रे बाहेर आला. मी पट्ट्या काढल्या, मशीन तापू दिलं, बोर्ड लाल दाखवला. पट्ट्या लावल्या, निवू दिलं, तोच बोर्ड हिरवा. पॅकिंगच्या बायका रांगेने उभ्या होत्या. कुणी टोपी काढल्याचा अभिनय केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं.

वहीतली जाळी साफ केल्याची ओळ काकांनी मला खोडू दिली नाही. तिच्याखाली काकांनी सांगितलं तसं मी लिहिलं : ‘वरची नोंद खोटी आहे. बारा पट्ट्या मी घरी नेल्या होत्या. त्या काळातले बोर्ड बरोबर होते.’ खाली माझी सही. नवीन माणूस कामाला आला की मशीनची वही आधी वाचतो, आणि त्या पानावर थांबून माझ्याकडे बघतो.

दुसऱ्या दिवसापासून काका आपल्या टेबलावर आले. त्या मुलीने त्यांचा मीटर जपून ठेवला होता. सकाळचे बोर्ड झपाझप झाले, टिंबं पडली, मशीनवर हिरवं. मला वाटलं, फिटलं.

तीन वाजता त्यांनी हाक मारली. “रे, जरा बघून जा.” मीटरवर पाच दिसत होतं, स्वच्छ. मी म्हणालो, “बरोबर आहे काका.” त्यांनी टिंब दिलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा हाक. मग रोज. सकाळी नाही, फक्त तीनला. मी समजावून बघितलं, की तुमचं कधीच चुकलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. ते म्हणायचे, माहीत आहे रे, पण बघितलेलं बरं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आनंदाने खाल्ला असता.

पुढच्या गणपतीत चाळीने समुद्र परत मागितला. मी म्हणालो, ह्या वर्षी डोंगर करू. चाळ अजून कुरकुरते. तसा समुद्र पुन्हा झाला नाही म्हणते. मी ऐकून घेतो.

काका निवृत्त झाले त्या दिवशी दुपारी पेढे वाटले, मॅडमनी शाल दिली. काकांना काम करायची गरज नव्हती, पण शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून ते बसले आणि उरलेले चार बोर्ड हातावेगळे करायला घेतले. तीन वाजले. मी हाक यायच्या आधीच त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी केसभर स्क्रू फिरवला, हात काढला आणि मला मीटर दिसावा म्हणून अंग बाजूला घेतलं.

“पाच,” मी म्हणालो. “बरोबर आहे, काका.”

मार्करचं टोपण उघडून ते क्षणभर थांबले.

“नक्की?” त्यांनी विचारलं.